शत्रूच्या दप्तरातील नागपूर



सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीन दिवस सर्वसामान्यांसाठी उघडत आला आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. नागपूरकर कुटुंबे त्या दिवशी मुलाबाळांना घेऊन वर जातात, तटावरून शहर पाहतात, इंग्रज सैनिकांच्या कबरी पाहतात आणि खाली उतरतात. मुले विचारतात, येथे काय झाले? वडीलधारे सांगतात की १८१७ साली आप्पासाहेब भोसले येथे इंग्रजांशी लढले. त्यावर एखादे चौकस मूल आणखी एक प्रश्न विचारते. हे आपल्याला कोणी सांगितले?

आजच्या व्याख्यानाचा विषय या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाच आहे. उत्तर थोडे अवघड आहे. लढाई २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली, त्या काळी येथे किल्ला नसून नुसत्या दोन टेकड्या होत्या, एक थोरली आणि एक धाकटी, हे सारे ज्या कागदांवरून आपल्याला ठाऊक आहे त्यांतले बहुतेक कागद रिचर्ड जेंकिन्स या ब्रिटिश रेसिडेंटच्या कचेरीतून निघालेले आहेत. शाळेच्या पुस्तकाने गॅझेटियरवरून घेतले, गॅझेटियरने जेंकिन्सच्या पत्रांवरून घेतले. म्हणजे आपण आपल्या पराभवाची हकीकत दोनशे वर्षे जेत्याच्या तोंडून ऐकत आलो आहोत.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग फेकून द्या ते कागद. तसे करणे हा शुद्ध अविचार ठरेल. ते कागद वाचले पाहिजेत, आणि न्यायालयात प्रतिपक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी तसे वाचले पाहिजेत.

प्रथम ती पत्रे टिकली कशी, हे समजून घेऊ. नागपूरचा रेसिडेंट कलकत्त्याला फोर्ट विल्यममध्ये गव्हर्नर जनरलच्या चिटणिसाला पत्र लिही. त्याचा मसुदा येथील दप्तरात राही. महत्त्वाच्या पत्राच्या नकला पुणे, हैदराबाद अशा अन्य दरबारांतील रेसिडेंटांकडे जात. कलकत्त्यास पोहोचलेले पत्र तेथील कामकाजाच्या वहीत उतरवले जाई, आणि त्या वह्यांची प्रत जहाजाने लंडनला कंपनीच्या संचालकांकडे रवाना होई. एकच पत्र अशा तऱ्हेने चार-पाच ठिकाणी नांदत असे. आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याच्या दप्तरात ते सापडते, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या संग्रहात त्याचे भावंड सापडते, आणि पुण्याच्या दप्तरात तिसरे.

या व्यवस्थेचे मोल दोन आगींवरून कळते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि मराठी फौजेने मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी जाळून टाकली. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मोठा वाचक माणूस. त्याचा ग्रंथसंग्रह त्या आगीत गेला, खाजगी कागद गेले. तरी पुण्याहून त्याने वेळोवेळी पाठवलेली सरकारी पत्रे शाबूत राहिली, कारण त्यांच्या प्रती अन्यत्र होत्या. दुसरी आग नागपूरची. महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. काळ्या दगडाच्या त्या भव्य वास्तूपैकी नगारखाना तेवढा उरला. वाड्यात आग शिरली की कागद अगोदर सापडतो, आणि आपल्याकडे दुसरी प्रत ठेवण्याची रीत नव्हती. मराठी कारकून लिहिण्यात कमी नव्हता. मोडीचे रुमालच्या रुमाल त्याने लिहून ठेवले आहेत. परंतु दप्तर ज्याच्या त्याच्या वाड्यात राही, आणि वाड्याचे जे होई तेच दप्तराचे होई.

याचा परिणाम विलक्षण आहे. नागपूरच्या राजकारणाची मराठी पत्रे आज वाचायची तर वाईजवळच्या मेणवलीकडे वळावे लागते. नाना फडणीसांनी आपल्याकडे आलेली पत्रे जपली म्हणून नागपूरहून गेलेला मजकूर टिकला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी त्या मेणवली दप्तरातून नागपूर प्रकरणाचे दोन खंड निवडून काढले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ते १९५४ व १९५९ साली प्रसिद्ध केले. मुधोजी भोसल्यांनी गव्हर्नर जनरलला लिहिलेली पत्रे पाहायची तर कलकत्त्याच्या फार्सी पत्रव्यवहाराच्या छापील सूचीत त्यांचा इंग्रजी गोषवारा वाचावा लागतो. नागपूरच्या राजाचा आवाज कानी पडतो तो कंपनीच्या भाषांतरकाराच्या मुखातून!

आता पत्रांतल्या मजकुराकडे वळू. नागपुरात इंग्रजांचे वकील अठराव्या शतकापासून येत होते. १७९९ ते १८०१ या काळात हेन्री थॉमस कोलब्रुक येथे होता. हा संस्कृतचा नामांकित पंडित. पुढे १८०५ साली वेदांवरचा त्याचा प्रसिद्ध निबंध आला. ज्या हाताने वेदांविषयी लिहिले त्याच हाताने भोसल्यांच्या दरबाराची राजकीय पत्रेही लिहिली, हे पौर्वात्य विद्येच्या थोर भक्तांनी एकदा नीट लक्षात घ्यायला हरकत नाही. पण नागपुरात कायमचा रेसिडेंट बसला तो तलवारीच्या जोरावर. २३ सप्टेंबर १८०३ असई, २९ नोव्हेंबर आडगाव, १५ डिसेंबर गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह. पावणेतीन महिन्यांत दुसऱ्या रघूजींचे कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, आणि राजधानीत इंग्रजी वकील ठेवण्याची अट आली. १८०४ पासून हे काम ज्याच्याकडे आले तो एल्फिन्स्टन तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण होता. नागपूरच्या वास्तव्यात तो शिकारीला जाई, ग्रीक ग्रंथ वाची, मित्रांना लांबच लांब पत्रे लिही. आणि बातमीदारांच्या बातम्या चाळून कलकत्त्याला कळवी. त्याची पत्रे व रोजनिशीतले उतारे कोलब्रुकच्या घराण्यातल्याच एका चरित्रकाराने १८८४ साली दोन खंडांत छापले. रसाळ वाचन आहे. म्हणूनच सावध राहून वाचावे लागते. मोहक लेखणीचा शत्रू रुक्ष लेखणीच्या शत्रूपेक्षा अधिक फसवतो.

त्या पत्रव्यवहाराचा एक मोठा धागा मात्र नागपूरकरांना अभिमान वाटावा असा आहे. देवगावच्या तहानंतर इंग्रजांचा एकच आग्रह होता: रघूजींनी तैनाती फौज स्वीकारावी. रघूजींनी ती स्वीकारली नाही. पेंढाऱ्यांचे भय होते, अमीरखानाची स्वारी आली, तिजोरीची ओढाताण होती. आणि प्रत्येक संकटात रेसिडेंट तीच औषधाची बाटली पुढे करी. राजा मदतीचे आभार मानी, चर्चा लांबवी, अटींचा खल करी, आणि सही करीत नसे. एल्फिन्स्टन गेला, १८०७ पासून जेंकिन्स आला, तरी सही नाही. २२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. त्यांचा पुत्र परसोजी अपंग व दुबळा होता. कारभार हाती घेण्यासाठी पुतण्या आप्पासाहेब आणि त्यांचे विरोधक यांच्यात चुरस लागली. आणि २७ मे १८१६ च्या रात्री, दरबाराला सुगावा न लागू देता, आप्पासाहेबांनी तैनाती तहावर सही केली. वर्षाला साडेसात लाख रुपयांचा भार. जे बारा वर्षे टळले ते राजाच्या मृत्यूनंतर दोन महिने आणि पाच दिवसांत झाले.

येथे थोडे थांबले पाहिजे. जेंकिन्सच्या दप्तरात या वाटाघाटी टप्प्याटप्प्याने नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या बाजूने कोण येत होते, कोणाला कशाची धास्ती होती, कोणाला काय हवे होते, हे सारे तेथे आहे. नागोपंत आणि नारायण पंडित ही मध्यस्थांची नावे तेथून येतात. वाचणाऱ्याला हे झोंबते. शत्रूने ते खोटेच लिहिले असेल, असे म्हणून सुटका करून घ्यावीशी वाटते. परंतु साक्षीदार आपल्या वरिष्ठाला गुप्त अहवाल देताना असल्या बाबतीत खोटे बोलत नाही; कारण त्या बातमीवर कंपनीला आपली फौज हलवायची होती. घरातली भाऊबंदकी त्याने निर्माण केली नाही. त्याने ती पाहिली, मोजली, लिहून ठेवली आणि वेळ येताच वापरली. १७८१ सालीही हेच घडले होते. नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध पुणे, नागपूर, हैदराबाद आणि म्हैसूर यांची चौकडी जमवली. नागपूरची तीस हजारांची फौज चिमणाजी भोसल्यांबरोबर कटकेपर्यंत गेली. आणि बंगालवर चालून जाण्याऐवजी वॉरन हेस्टिंग्सकडून तेरा लाख रुपये व वर दहा लाखांचे कर्ज घेऊन थांबली. हेस्टिंग्सच्या पत्रांत हा सौदा आहे. ज्याला आपल्या इतिहासाचा केवळ विजयाचा भाग हवा असेल त्याने या दप्तराच्या वाटेला जाऊ नये.

आता सीताबर्डी. ज्या आप्पासाहेबांनी रात्री सही केली, त्यांनाच त्या सहीचा अर्थ वर्षभरात कळला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजीच्या मृत्यूनंतर ते गादीवर आले, बाजीरावांशी संधान बांधले, आणि २४ नोव्हेंबर रोजी पेशव्यांनी पाठवलेली सेनापतिपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली. दुसऱ्याच दिवशी इंग्रजी पलटणी टेकड्यांवर चढल्या. २६ ला संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. इंग्रजांकडे तेराशेच्या आसपास माणसे होती. भोसल्यांकडे अठरा हजार होती असे त्यांचे कागद सांगतात. आणि येथे उलटतपासणी सुरू करायला हवी. जिंकणाऱ्याला शत्रूची संख्या फुगलेली हवी असते. राजाच्या नावावरचे सगळे घोडदळ मोजले की आकडा वाढतो; टेकडीवर प्रत्यक्ष चढले किती, हा प्रश्न निराळा. लढाईचा खरा भार अरब पायदळाने उचलला. २७ च्या सकाळी त्यांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. तेथेच दारूची गाडी उडाली, गोंधळ झाला, कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने हल्ला चढवला आणि डाव उलटला. इंग्रजांची जखमी व मृत मिळून ३६७ माणसे पडली. जेंकिन्सचा मदतनीस सॉथबीही त्यात होता.

ही ३६७ माणसे कोण होती? मद्रासकडच्या देशी पलटणींचे शिपाई, बंगालच्या देशी घोडदळाचे स्वार. अधिकारी गोरे, मरणारे बहुतांशी आपले. पत्रांतून गोऱ्यांची नावे मिळतात, आपल्यांचा नुसता आकडा मिळतो. सीताबर्डीवर हिंदुस्थानी माणूस हिंदुस्थानी माणसाशी लढला आणि राज्य तिसऱ्याचे झाले, हे पत्र लिहिणाऱ्याने एवढ्या शब्दांत लिहिलेले नाही. आकड्यांच्या तक्त्यात मात्र ते स्वच्छ दिसते.

या चित्राला सहा महिन्यांतच दुसरी बाजू मिळाली. १६ डिसेंबरला सक्करदऱ्याजवळ पुन्हा लढाई झाली, अरबांनी शहर ३० डिसेंबरपर्यंत लढवले, राजाने शरणागती पत्करली. आणि मार्च १८१८ मध्ये जेंकिन्सने त्यांना कैद केले. बंदोबस्तात त्यांना प्रयागला न्यायचे ठरले. जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या मुक्कामी, १२ मेच्या रात्री, आप्पासाहेब शिपायाचा वेश करून तंबूतून निघून गेले. पहाऱ्यावरचा अधिकारी डोकावला तेव्हा बिछान्यावर उशीवर पांघरूण घातलेले होते आणि सेवक पाय चेपत बसले होते. हे शक्य झाले ते पहाऱ्यावरच्या कंपनीच्याच देशी शिपायांमुळे; त्यांतले काही राजाबरोबर निघून गेले. इंग्रजी कागद या घटनेचा उलगडा एका शब्दात करतात: लाच. पैसे दिले गेले असतीलही. पण पैसे घेऊन आपल्या पलटणीत परतणे निराळे, आणि राज्य गमावलेल्या, खजिना गमावलेल्या राजाबरोबर जंगलाची वाट धरणे निराळे. ते पकडले गेले असते तर मृत्युदंड ठरलेला होता. एवढ्या जोखमीला लाच हा शब्द पुरत नाही, हे वाचणाऱ्याने आपल्या बुद्धीने ताडायचे असते.

पुढची कथा तर अधिकच बोलकी आहे. राजावर एक लाख रुपयांचे आणि जहागिरीचे इनाम लागले. १८१८ सालचे एक लाख! आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात शिरले. पचमढीच्या परिसरातील गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. हर्रईचा चैनशहा हे त्यांतले प्रमुख नाव. इंग्रजी तुकड्या डोंगर पालथे घालीत होत्या, गावे तपासत होत्या. ते इनाम मागायला कोणी आले नाही. वनात राहणाऱ्या ज्या समाजाला शहरी लोक अडाणी समजत आले, त्याने कंपनीची एक लाखाची थैली लाथाडली. पुढे असीरगड, तो एप्रिल १८१९ मध्ये पडला तेव्हाही आप्पासाहेब हाती लागले नाहीत. मग पंजाब, मंडीचा डोंगराळ मुलूख, आणि शेवटी जोधपूर. तेथे राजा मानसिंहाने महामंदिराच्या आश्रयाला आलेल्या या अतिथीस इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला. १८४० साली आप्पासाहेब तेथेच वारले. जन्मभर पाठलाग करणाऱ्या सत्तेला ते पुन्हा कधी सापडले नाहीत. आणि बावीस वर्षांच्या या भटकंतीचा माग मुख्यत्वे त्यांच्या पाठलाग्यांच्याच पत्रांमुळे लागतो.

शब्दांच्या उलटतपासणीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. या पत्रांत रेसिडेंटने दुसऱ्या दरबाराशी गुप्त बोलणे केले की त्याला धोरण म्हणतात. नागपूरच्या राजाने पुण्याला पत्र पाठवले की त्याला कारस्थान म्हणतात. त्यांचा माणूस बातमीदार, आपला माणूस हेर. त्यांनी तह मोडला तर परिस्थिती बदलली होती. आपण मोडला तर विश्वासघात. एखाद्या तरुण अभ्यासकाने पाच-पन्नास पत्रे घेऊन असे शब्द दोन रकान्यांत मांडावेत. दोन रविवारांचे काम आहे, आणि त्यातून जे शिकायला मिळेल ते चार ग्रंथांतून मिळणार नाही. गंमत अशी की या शब्दांचे आपल्या लिहिण्यात आजही वास्तव्य आहे. आप्पासाहेबांचे ‘कारस्थान’ असे आपलेच लेखक सहज लिहून जातात.

मात्र इंग्रज अधिकारी सगळे एका सुरात बोलत, असेही समजू नये. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. तेव्हाचा रेसिडेंट मॅन्सेल याने राज्य सरसकट खालसा करण्यापेक्षा गादीचे नाव राखणारी तडजोड सुचवली. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो याने खालसा करण्याविरुद्ध आपला अभिप्राय लेखी नोंदवला, आणि सातारा खालसा झाल्यावर देशी लोक आपल्याला काय विचारीत, राजाने असा कोणता गुन्हा केला होता, हेही त्याने लिहून ठेवले. डलहौसीने दोघांचेही ऐकले नाही. १८५४ साली राज्य गेले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोल किमतीने विकले गेले, आणि राजघराण्याचे जडजवाहीर कलकत्त्यास लिलावाला गेले. वाड्यातले सामान हलवले तर वाड्याला आग लावीन, असे एका राणीसाहेबांनी निक्षून सांगितल्याची नोंद केये या इंग्रज इतिहासकाराने केली आहे. मॅन्सेल आणि लो यांचे कागद आपल्या उपयोगाचे आहेत ते याच कारणाने: अन्याय झाला, हे तेथे आरोपीच्या घरातला माणूस सांगतो आहे.

१८६१ पासून नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले आणि दप्तराचे स्वरूप पालटले. रेसिडेंटच्या हस्तलिखित पत्रांच्या जागी सचिवालयाच्या फायली आल्या. हस्ताक्षर गेले, टंकयंत्र आले. नजर मात्र तीच राहिली. कार्यकर्त्यांना या पर्वातले दोन-तीन प्रसंग परिचित आहेत. १९२१ साली काटोल आणि भरतवाडा येथील भाषणांवरून डॉ. हेडगेवार यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायाधीश स्मेली यांना आरोपीचे बचावाचे निवेदन मूळ भाषणाहून अधिक राजद्रोही वाटले, आणि ऑगस्टमध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. डिसेंबर १९३२ मध्ये मध्यप्रांत सरकारने परिपत्रक काढून सरकारी नोकरांना संघात भाग घेण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी तो बडगा स्थानिक संस्थांच्या नोकरांवर आला, आणि मार्च १९३४ मध्ये प्रांताच्या विधिमंडळात त्यावर वादळी चर्चा झाली. ना. ह. पालकरांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात हा भाग विस्ताराने दिला आहे. संघाची स्थापना १९२५ ची. सातच वर्षांत सरकारला फाइल उघडून परिपत्रक काढावेसे वाटले, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. ती सांगते कोण, तर पुन्हा प्रतिपक्षाचे दप्तर.

हे दप्तर आपल्यासाठी उघडले कोणी? ते आपोआप उघडले नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात हिंदी अभ्यासकाला पाऊल टाकू देण्यास सरकार दीर्घकाळ नाखूश होते. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निघाले. मग सरदेसाई आणि सर जदुनाथ सरकार यांनी पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहार हाती घेतला. त्यातला पाचवा खंड १७८१ ते १८२० या काळातील नागपूर प्रकरणाचा. तो १९३८ साली सिद्ध केला बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी. काळे पेशाने वकील. वकिली सांभाळून या गृहस्थांनी १९२४ साली वऱ्हाडचा इतिहास लिहिला, १९३४ साली नागपूर प्रांताचा इतिहास लिहिला, काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर संपादून छापली. ती बखर मुळात जेंकिन्सच्याच सांगण्यावरून लिहिली गेली होती, हा आणखी एक योगायोग! विदर्भात एका रस्त्याला तरी त्यांचे नाव ठळकपणे असायला हवे होते. स्वातंत्र्यानंतर नागपूरचेच प्रा. एच. एन. सिन्हा यांनी नागपूर रेसिडेन्सीच्या कागदांची निवड पाच खंडांत केली. पहिला खंड १९५० चा. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजधानी गेली, आणि सचिवालयाच्या दप्तराचीही दोन राज्यांत वाटणी झाली. आज महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा नागपुरात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू केल्यापासून अनेक कागद घरबसल्या पाहता येतात. शेजवलकरांच्या पिढीने ज्यासाठी रेल्वेचे प्रवास केले, ते आज कळ दाबल्यावर समोर येते. पाहणारे किती, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याच घरापुरता विचारावा.

आणि घराचा विषय निघालाच आहे तर उलटतपासणीला दुसरा साक्षीदार लागतो, तो कोठून आणायचा? तो महालात आहे, इतवारीत आहे, उमरेड, काटोल, भंडारा, चांदा येथल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आहे. देशपांडे, देशमुख, फडणीस, चिटणीस, उपाध्ये या घराण्यांतून पत्र्याच्या पेट्यांत मोडी कागद आहेत. सनदा, जमाखर्च, यात्रेचे हिशेब, पागेचे तक्ते. घरात मोडी वाचणारे आजोबा गेले की पेटीला कोणी वाली राहत नाही. वाडा पाडून इमारत उभी राहते, सामान सदनिकेत मावत नाही, आणि पेटी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. १८६४ ची आग एका रात्रीत लागली होती; ही गेली साठ-सत्तर वर्षे धुमसते आहे. सीताबर्डीला २७ नोव्हेंबरच्या सकाळी अरबांच्या मागे कोणते मराठी पथक होते, कोणाच्या घरचा माणूस पडला, त्याच्या विधवेला काय मिळाले, याचे उत्तर जेंकिन्सजवळ नाही. असलेच तर ते अशाच एखाद्या पेटीत आहे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत पेटी निघाली तर काय करावे, ते सांगतो त्या क्रमाने करावे. कागद उन्हात पसरू नयेत, सावलीत वाऱ्यावर ठेवावेत. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करून घेऊ नये; दोन्हींमुळे कागद मरतो. घड्या पडलेला कागद बळाने उलगडू नये. पेटीतला मूळ क्रम बदलू नये, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता यालाही अर्थ असतो. जुना रुमाल फेकू नये. त्यावर बऱ्याचदा साल लिहिलेले असते. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे पाठवावी. मग मोडी जाणणाऱ्याला गाठावे. मोडीचे वर्ग आता पुष्कळ ठिकाणी चालतात, आणि रोज तासभर बसणाऱ्याला ही लिपी काही महिन्यांत वाचता येऊ लागते. घरातल्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलामुलीला त्या वर्गाला धाडावे. त्या वयात डोळा लवकर बसतो.